मागून येतोय

आमच्या घरात बाहेर पडताना 'जातो' म्हणायची सोय नव्हती. सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या घरातून शाळेच्या बससाठी धावताना माझ्या तोंडून कधी 'जाते' निघालंच, तर आई हातातलं लाटणं खाली ठेवून मला दारातून परत बोलवायची, 'येते' म्हणायला लावायची आणि मगच सोडायची. बस चुकली तरी बेहत्तर. जाणारा माणूस 'येतो' म्हणतो हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याला मी मनातून कधी भाषेची चूक म्हणू शकले नाही. लोकांना मात्र मी ते तसंच सांगत आले, हसून, की बघा कशी गंमत झाली. बाबा गेल्यानंतर ती गंमत सांगणं मी बंद केलं.

मी अठरा वर्षांची असताना आम्ही सिडनी सोडलं. बाबा पॅरामॅटात नकाशे करायचा, म्हणजे उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून कुठे पाणी साठेल, कुठे रस्ता खचेल हे कॉम्प्युटरवर रंगवायचा. ज्या जमिनींचे त्याने इतकी वर्षं नकाशे केले त्यांतल्या एकीवरही तो कधी उभा राहिला नव्हता, आणि हे त्याला आतून खात असावं. कारण ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत, कॅथरिन शहराच्याही पलीकडे दोन तासांवर, तिथल्या मूळ रहिवाशांच्या रेंजर गटाला नकाशेवाला हवाय असं कळल्यावर त्याने आम्हाला न विचारता अर्ज करून टाकला. आई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने स्कोफिल्ड्सच्या इंडियन दुकानातून गोडा मसाला, भाजणी आणि आमसुलं इतकी आणली की बाबा म्हणाला, "अगं, आपण तिथे हॉटेल काढत नाहीयोत." मी नुकतीच बारावी झाले होते आणि युनिला जायच्या आधी एक वर्ष थांबणार होते. 'गॅप इयर म्हणजे नापासचं इंग्लिश,' असं आई पुण्याच्या मावशीला फोनवर सांगायची, तेही मी समोर बसलेली असताना.

गाव म्हणजे एक दुकान, एक दवाखाना, एक शाळा आणि लहान विमान उतरायची पट्टी. आमचं घर पत्र्याचं, खिडक्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या. त्या कितीही घट्ट लावल्या तरी पावसाळा सरून गवत वाळायला लागलं की धुराचा वास आत यायचा. आईला तिथलं ऊन मात्र पसंत पडलं. कोरडे महिने लागल्याबरोबर तिने मागच्या अंगणात जुनी चादर पसरून सांडगे घातले, आणि संध्याकाळी उचलायला गेली तर एकेका सांडग्यावर राखेचे काळे कण. वर घारी गोल फिरत होत्या, कारण आग पुढे सरकली की टोळ आणि सरडे उघड्यावर येतात आणि घारींची चंगळ होते. आईने घारींकडे, मग सांडग्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे जाळतंय तरी कोण?" त्या वर्षीचे सांडगे तळल्यावर धुराचे लागत. खरं सांगते, तशी चव मला पुढे कुठल्याच सांडग्यात मिळाली नाही.

जाळणारी बाई दुसऱ्याच आठवड्यात आमच्या दारात उभी राहिली, हातात एक भलामोठा मासा घेऊन. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या लोकांत माणूस गेलं की बराच काळ त्याचं नाव घेत नाहीत, आणि तो काळ सरला का हे विचारायला माझ्या ओळखीचं तिथे आता कोणी राहिलेलं नाही. सगळे तिला आंटी म्हणत, मीही आंटीच म्हणते. आजूबाजूची ती सगळी जमीन तिच्या आजोबांची, आणि तिने हो म्हटल्याशिवाय तिथे कोणी काडी ओढत नसे. तो मासा तिकडे बॅरामंडी म्हणून ओळखतात. आईने त्याचं तोंड उघडून पाहिलं, खवल्यांवरून बोट फिरवलं आणि मटकन खुर्चीत बसली. "अगं, हा तर जिताडा." आई पेणची. जिताड्याचं कालवण शेवटचं कधी खाल्लं होतं हे ती विसरून गेली होती. त्या दिवशी आंटी आमच्याकडे जेवली, आणि त्यानंतर येतच राहिली. थालीपीठ ती टोमॅटो सॉस घालून खायची, तेव्हा आई तोंड फिरवून ओटा पुसायला लागायची.

आग लावण्याचं शास्त्र मला दोघांनी समजावलं, आंटीने एका वाक्यात आणि बाबाने तीन आठवड्यांत. आंटी म्हणाली, "आम्ही आधी थोडं थोडं जाळतो, म्हणजे नंतर सगळं जळत नाही." बाबा म्हणाला ते असं, की पावसाळ्यानंतर लगेच, गवत अजून अर्धवट ओलं असताना, दुपार कलल्यावर आग लावली तर ती गुडघ्याएवढी राहते, झाडांच्या शेंड्यांना हात लावत नाही आणि रात्रीच्या दवात आपली आपण थंड होते. तसं केलं नाही तर वर्षाच्या अखेरीला, पावसाच्या तोंडावर, विजा पडून असा वणवा पेटतो की आठवडेच्या आठवडे थांबत नाही, आणि त्याचा धूर, त्यातले वायू, सगळं आभाळात. मधल्या काळात या लोकांना त्यांच्या जमिनीवरून हलवलं गेलं होतं, तेव्हा कित्येक वर्षं असे वणवे होत राहिले. आता ते परत आले होते, आणि किती धूर वाचला हे मोजून दाखवायला बाबासारखी माणसं लागत होती. आईला यातलं काही समजवावं लागलं नाही. "आमच्याकडे भात पेरायच्या आधी नाही का शेतात राब भाजत," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

त्या कामात बाबा बदलला. सिडनीत संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर पडणारा माणूस इथे पहाटे उठून बुटांच्या नाड्या बांधताना शीळ घालायचा. रेंजरांनी बाबाच्या सतीश या नावाचं 'सॅट' करून टाकलं होतं, कारण तो सारखा सॅटेलाइटचं बोलायचा. आग लावण्याआधी जमिनीवर किती सुकं गवत आणि पालापाचोळा आहे ते मोजायला त्याने रानात ठिकठिकाणी दोऱ्यांचे चौकोन आखले होते. त्यांतला पाचोळा गोळा करून कागदी पिशव्यांत भरायचा, वर नंबर घालायचा आणि घरी आणून आईच्या किचनच्या काट्यावर वजन करायचं. काट्यावरून आईशी रोज भांडण. पन्नाशीला टेकलेला माझा बाप वाळक्या पानांच्या पिशव्यांना इतका जपायचा की मला हसू यायचं, आणि त्याला इतकं आनंदात मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मीही जायला लागले होते. सुरुवातीला टॅबलेटवर आगीची रेघ नोंदवायला, मग पाण्याचा पंप धरायला. ड्रिप टॉर्च हातात मिळायला मात्र दोन महिने थांबावं लागलं. ड्रिप टॉर्च म्हणजे तेलाचा डबा, पुढे वाकडी नळी आणि नळीच्या तोंडाशी ज्योत. तो तिरपा धरून चालत गेलं की मागे आगीचे थेंब पडत जातात. आदल्या दिवशी आंटीने मला म्हटलं होतं, "उद्या पहिली रेघ तुझी." त्या एका वाक्याने मी रात्रभर हवेत होते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्या घाईतून झालं.

त्या दिवशी आम्ही ओढ्याकाठी जेवलो. आईने दिलेली थालीपीठं, लोणचं, डब्यात उकळलेला काळा चहा. जाळायचा पट्टा ओढ्याच्या पूर्वेला होता. आम्ही वळसा घालून पलीकडच्या वाटेवर जायचं, तिथून आग लावायची आणि वाऱ्याने ती हळूहळू ओढ्यापर्यंत नेऊन सोडायची, असा बेत. बाबाचे चौकोन त्याच पट्ट्यात होते आणि सकाळीच मोजून झाले होते. गटाचा प्रमुख डेनिस, आंटीचा भाचा, गाडीत बसला, आंटी त्याच्या शेजारी, मी मागे टॅबलेट घेऊन. बाबा आपल्या गाडीच्या उघड्या दारात उभा राहून पिशव्या चाळत होता. कपाळाला आठी घालून त्याने वर पाहिलं.

"बरं, येतो मी," तो म्हणाला. "तू जा यांच्याबरोबर."

डेनिसने इंजिन सुरू केलं होतं. आरशातून माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "काय म्हणतोय सॅट?"

"मागून येतोय," मी म्हणाले, अर्थात इंग्रजीत.

त्यातला 'मागून' माझा. बाबाने तसं म्हटलं नव्हतं. तो घरातून निघताना जसं म्हणतात तसं म्हणाला होता, आणि मला ते त्याच क्षणी जाणवलंही होतं, कुठेतरी अर्धवट. काच खाली करून "कुठे जातोयस?" एवढं विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तो सांगत बसला असता, पिशव्यांची गोष्ट निघाली असती, डेनिस उतरला असता, फार उशीर झाला असता, आणि पहिली रेघ उद्यावर गेली असती.

वाटेवर एकदा मी मागे वळून पाहिलं. तिथे कोणतीही गाडी चालली की मागे तांबडी धूळ बराच वेळ तरंगत राहते, मैलभरावरून दिसते. आमची धूळ होती. आणखी कुणाची नव्हती. मी स्वतःला म्हटलं, थांबला असेल कुठे फोटो काढायला. उतरल्यावर आंटीने ओंजळीत गवत चुरगाळून पाहिलं, वाऱ्यावर सोडलं आणि मान हलवली. मी टॉर्च पेटवला. पहिला थेंब पडला तेव्हा गवत नुसतं धुमसलं, मग तडतड करत उभं पेटलं. मी चालत राहिले. शंभर पावलं चालले असेन. इतकी खूश होते की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

तेवढ्यात डेनिसच्या छातीवरच्या रेडिओतून बाबाचा आवाज आला, शांत, ऑफिसातल्यासारखा. "डेनिस, सॅट बोलतोय. चौकोन चारवर आहे. एक पिशवी फाटली होती, परत भरून घेतोय. वीस मिनिटं लागतील, नो वरीज."

चौकोन चार आगीच्या समोर होता. माझी रेघ वाऱ्याबरोबर सरळ त्याच्याच दिशेने निघाली होती.

डेनिसने माझ्या हातातून टॉर्च घेऊन त्याची ज्योत मातीत दाबून विझवली. तो ओरडला नाही, कोणीच ओरडलं नाही. वारा मात्र जेवणाच्या वेळेपेक्षा वाढला होता आणि पट्ट्याच्या त्या भागात गवत माणसापेक्षा उंच होतं. "गाडी फिरवून जातो," डेनिस म्हणाला. आंटी म्हणाली, "अर्धा तास लागेल. तोपर्यंत झालेलं असेल." तिने त्याच्याकडून रेडिओ घेतला आणि बाबाला इंग्रजीत सांगितलं, की आग लागली आहे, तुझ्याकडे येतेय, पळू नकोस. पलीकडून नुसत्या धापा ऐकू आल्या. तो पळत होता. वाऱ्याच्या दिशेने, उंच गवतातून, ओढ्याकाठच्या आपल्या गाडीकडे. आंटी पुन्हा बोलली, हळू, स्पष्ट. उत्तर आलं ते मराठीत. "धूर आलाय. काही दिसत नाहीये. कुठे जाऊ?"

आंटीने रेडिओ माझ्या हातात दिला. "घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची भाषा ऐकू येत नाही. तू सांग. आगीबरोबर पळणाऱ्याला आग गाठते. त्याला म्हणावं, मागे फिर. झाडाखाली जिथे गवत कमी तिथे ज्वाळा बुटकी असते. तिथून ओलांड. काळ्यावर ये."

माझं मराठी तोवर स्वयंपाकघरातलं होतं. आई-बाबा मराठीत विचारायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या रेडिओवर मी बापाशी पहिल्यांदा सलग मराठीत बोलले.

"बाबा, थांब. पळू नकोस. मागे वळ."

"मागे आग आहे."

"माहितीये. आगीकडे तोंड कर. मोठं झाड दिसतंय का?"

"अगं, धूर आहे सगळा."

"खाली बघ. पायाशी गवत कमी कुठे आहे?"

बराच वेळ खरखर. मग, "आहे. झाड आहे. खाली दगड आहेत."

"तिथे थांब. आग तिथे येईल तेव्हा छोटी होईल. मग उडी मार आणि काळ्यात ये."

"काळ्यात म्हणजे?"

शब्द सापडेना. आंटी माझ्या तोंडाकडे बघत होती. "जळून गेलंय तिथे. तिथे परत जळत नाही, बाबा. जळालेल्या जागेत ये."

"आगीत ये म्हणतेस?"

"हो," मी म्हणाले.

त्यानंतर रेडिओ बंद पडला की त्याने हातातून सोडला, कळलं नाही. आंटी आमच्या बाजूच्या विझलेल्या काळ्या जमिनीवरून आत चालायला लागली. डेनिस आणि मी तिच्या मागे. बुटांचे तळ गरम होत होते. दर दहा पावलांवर आंटी थांबून आपल्या भाषेत मोठ्याने काही म्हणायची. मी पुढे तिला एकदा विचारलं, ते काय होतं. ती म्हणाली, जमिनीला सांगत होते की हा आमचा आहे. मी नुसती चालत होते आणि मनात एकच वाक्य होतं, की आईला काय सांगू. बाबाचं काय होईल असंही नव्हतं ते. आईला काय सांगू. माणसाचं मन अशा वेळी किती क्षुद्र असतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

धुरातून तो आला तेव्हा आधी दोन कागदी पिशव्या दिसल्या. त्याने त्या छातीशी धरल्या होत्या. पँट गुडघ्यापर्यंत काळी, एका बुटाचा तळ वितळून लोंबत होता, भुवया नव्हत्या. पिशव्यांवर त्याच्या अक्षरात ४ लिहिलेलं होतं. तो आंटीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सॉरी." आंटीने त्याच्या हातातून पिशव्या घेतल्या, कारण त्याची बोटं सुटत नव्हती.

आग ठरल्याप्रमाणे ओढ्याशी थांबली. उन्हं अजून झाडांत होती तेव्हा आम्ही परत त्याच जेवणाच्या जागी बसलो होतो. डेनिसने बाबाच्या पोटरीवर ओलं फडकं गुंडाळलं आणि मग सरळ विचारलं, चूक कुठे झाली. तो रागावलेला नव्हता, पण हलकंही घेत नव्हता. त्या गटात नियम एकच होता आणि तो म्हाताऱ्या माणसांनी घालून दिलेला. आगीच्या दिवशी कोण कुठे आहे याबद्दल जो चुकीचा शब्द देईल, त्याने त्या वर्षी पुन्हा आगीवर यायचं नाही. दुखापत होवो न होवो.

"मागून येतोय असं कळलं मला," डेनिस म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आज मला आठवत नाही, आणि खरं बोलणार होते असं समजून घ्यायला मला आवडेल.

"मीच तसं सांगितलं तिला," बाबा इंग्रजीत म्हणाला. "म्हटलं, मागून येतो. मग पिशवी फाटलेली दिसली आणि मी वळलो. सांगायला हवं होतं. माझी चूक."

आंटी चहाचा डबा हलवत होती. ती थांबली. आमच्या घरी तिने कित्येकदा बाबाला सकाळी दारातून निघताना पाहिलं होतं, तो शब्द ऐकला होता. ती बाबाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "असंच म्हणाला का तो, पोरी?"

"हो," मी म्हणाले.

तिने चहा ओतला आणि पहिला कप बाबाला दिला.

घरी जाताना गाडी मी चालवली. बाबा शेजारी पाय पसरून बसला होता, गाडीभर जळक्या कापडाचा वास. गाव दिसायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तू 'मागून' म्हणाला नव्हतास."

"माहितीये."

"मग असं का सांगितलंस? तुला आता वर्षभर जाता येणार नाही."

त्याने हात वर नेऊन भुवया चाचपल्या. तिथे त्या नाहीत हे त्याला तेव्हा कळलं असावं. "तुझी आजची रेघ पाहिली मी. आतून," तो म्हणाला. "सरळ होती." मग, "आईला सांगताना मी बोलेन. तू नुसती मान हलव."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजरांची गाडी दारात येऊन थांबली, फक्त माझ्यासाठी. बाबा पायाला बँडेज बांधून टेबलाशी बसला होता, समोर लॅपटॉप. मी बूट घातले आणि निघाले. तशी मी पावसाळा तोंडावर येईपर्यंत निघतच राहिले, आठवड्यातून तीन तीन दिवस, आणि आग लावण्यात मला पुढे चांगला हात बसला. रोज संध्याकाळी मी हातपाय धुऊन जेवायला बसले की बाबा स्क्रीन माझ्याकडे वळवायचा. उपग्रहातून दिसणारे नवे काळे ठिपके त्यावर आलेले असायचे. तो एकेकावर बोट ठेवून विचारायचा, "हा तुझा का?" मी घास चावत हो म्हणायचे, किंवा नाही, हा डेनिसचा. तो नाव लिहून घ्यायचा. डेनिसकडे जाऊन खरं सांगायला दहा मिनिटं लागली असती. मी गेले नाही, आणि त्या अख्ख्या वर्षात बाबाला एकदाही विचारलं नाही, की तुला यायचंय का.